बर्फाचे बेस पिवळे पडलेत, रविवारच्या आत काय करता येईल?

उत्तरदिशा:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. २८ मिमीच्या ४० खेळातल्या सैनिकांच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकत्यांवर, नकली बर्फ केलाय. लावला तेव्हा पांढराशुभ्र होता, आता कडेकडेने पिवळा पडलाय आणि काही ठिकाणी पापुद्रे निघताहेत. रविवारी टेबलावरच्या युद्धखेळाचा सामना आहे. नुसता पांढरा रंग फासला तर चालेल का?

ब्रशवाला:
बर्फ कशाचा? गोंद कुठला?

उत्तरदिशा:
नेहमीचंच हो, खायचा सोडा आणि गोंद.

ब्रशवाला:
गोंद म्हणजे पांढरा की सुपरग्लू? दोन्हींचं दुखणं वेगळं.

उत्तरदिशा:
सुपरग्लू. पटकन वाळतो म्हणून. सोडा पसरून वरून थेंब सोडले.

ब्रशवाला:
मग तेच कारण. सोडा अल्कधर्मी, त्याला सुपरग्लू लागला की क्षणात दगड होतो. फटी बुजवायला ही जोडी छान, पण पुढे पिवळी पडते. वरून थेंब सोडल्यावर वरचाच थर कडक होतो आणि खाली भुकटी कोरडी राहते, म्हणून पापुद्रे.

निळी_सावली:
सोड्याला उगाच बदनाम करू नका. पांढऱ्या गोंदात कालवा, वर मॅट वॉर्निशचे दोन हात द्या. टिकतो.

अर्धा_मिमी:
नाही टिकत. पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि सोडा पाण्यात विरघळतो, २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये साधारण ९.६ ग्रॅम. वाळताना त्याचे पुन्हा स्फटिक होतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. वॉर्निश वरून झाकतं, आत काही करत नाही.

हेक्स:
ॲसिटोनमध्ये बुडवा, सुपरग्लू सुटेल.

ब्रशवाला:
थांबा! फिगर प्लास्टिकच्या आहेत की धातूच्या? पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळतं. धातूच्या असल्या तरी रंग जाईल.

उत्तरदिशा:
प्लास्टिकच्या, रंगवून झालेल्या. बेसवरून काढता येणार नाहीत. खरवडू का?

अर्धा_मिमी:
जे हलतंय तेवढंच सुरीच्या टोकाने काढा, घट्ट बसलंय ते राहू द्या. मऊ ब्रशने भुकटी झाडा. मग ब्रशनेच मॅट वॉर्निशचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर नव्या गोंदातलं पाणी जुन्या सोड्यात मुरेल.

आता लेप. काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पावडर (मायक्रोबलून) २ भाग, पांढरा गोंद १ भाग, पांढरा ॲक्रिलिक अर्धा भाग, पाणी थेंबाथेंबाने. टूथपेस्टइतका दाट हवा. पांढरा रंग गाळू नका, गोंद वाळून पारदर्शक होतो आणि बर्फ ओला, करडा दिसतो. लेप ओला असतानाच वरून कोरडी पावडर चाळणीने भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी उलटा करून टिचकी मारा. पावडर हाताळताना मास्क हवाच, ती हवेत तरंगते.

टेकडीवरचा:
जाडीही बघा. २८ मिमीची फिगर साधारण १:५६ प्रमाणात धरली तर ३ मिमी म्हणजे खरा १७ सेंमी बर्फ, घोट्याच्या वर. तिथे बूट बर्फात रुतलेलेच दिसायला हवेत, वर उभे नाहीत. एका वेळी २ मिमीहून जाड थर दिलात तर तडे जातील.

निळी_सावली:
पहिल्या थरात निळ्याचा एक ठिपका मिसळा, सावल्या खऱ्या वाटतात. हिमलोलक करायचे असतील तर पारदर्शक स्प्रू (किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिची काडी) मेणबत्तीवर धरून ताणा, अणकुचीदार टोक आपोआप येतं.

ब्रशवाला:
हिमलोलक कुणी विचारलेच नव्हते. आणि ४० बेसना निळा ठिपका सारखाच पडायला हवा, त्यामुळे लेप एकदाच कालवा.

उत्तरदिशा:
पावडर आहे, आज खरवडतो. बेसची काळी कड आधी रंगवायची की नंतर?

अर्धा_मिमी:
नंतर. लेप कडेवर उतरतोच. ओल्या बोटाने पुसून घ्या, वाळल्यावर रंगवा.