पेजमेकर आणि श्रीलिपी सोडून नव्या मांडणी-सॉफ्टवेअरकडे वळावे का?

अक्षरजुळणी_अशोकस्तंभ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये अशोकस्तंभाजवळ आमचे अक्षरजुळणी आणि पुस्तकमांडणीचे छोटे केंद्र आहे. कवितासंग्रह, स्थानिक इतिहासाची पुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक ही आमची मुख्य कामे. आजवरचे सगळे काम पेजमेकर ७ (पाने लावण्याचे जुने सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टंकण्याचे, स्वतःचे फाँट असलेले सॉफ्टवेअर) यांच्यावर उभे आहे, आणि छापून आलेल्या पानात काही उणे राहते असे मला आजही वाटत नाही.

अडचण निराळीच आहे. आता बहुतेक लेखक आपला मजकूर मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंहितेत) टंकून पाठवतात. तो आम्ही आधी श्रीलिपीत रूपांतरित करतो, मग पाने लावतो, आणि पुस्तक छापून झाल्यावर त्याच लेखकाला ई-पुस्तक हवे असते तेव्हा तोच मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये आणतो. दोन्ही वेळा जोडाक्षरे बिघडतात आणि दोन्ही वेळा प्रुफे पहिल्यापासून वाचावी लागतात. शिवाय नव्या संगणकांवर पेजमेकर किती दिवस साथ देईल, याची खात्री उरलेली नाही.

२०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने माहितीपुस्तिकांची कामे वाढतील असा अंदाज आहे, त्यामुळे जो बदल करायचा तो त्याआधीच व्हावा असे वाटते. इनडिझाइन या ॲडोबीच्या मांडणी-सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांच्या जाहिरातींमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र वाढवणे, चित्र तयार करणे वगैरे गोष्टी ठळकपणे दाखवतात. पण मराठी मजकूर त्यात नीट बसतो का, हे कोणी सांगत नाही. स्क्रायबस हे मांडणी-सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यावर पूर्ण पुस्तक निघू शकते का? आणि पेजमेकरमधल्या जुन्या फायलींचे काय करावे? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मांडणी_गंगापूररोड

ताई, आपला प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेजमेकर १९८५ मध्ये आल्डस कंपनीने आणले, १९९४ मध्ये ते ॲडोबीकडे गेले आणि ७ ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर त्यात नवे काही झाले नाही आणि होणारही नाही. इनडिझाइन १९९९ मध्ये आले खरे, पण भारतीय लिप्यांसाठी ते बराच काळ निरुपयोगी होते, आणि आपल्याकडची मंडळी पेजमेकरला धरून राहिली त्याचे मोठे कारण हेच आहे. २०१२च्या सीएस६ आवृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी आधार आला. माझ्या मते मराठी मांडणीच्या दृष्टीने ‘नवे वैशिष्ट्य’ म्हणावे असे हेच एक आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसल्यामुळे अनेकांना ते आजही ठाऊक नाही.

त्याचे नाव ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’. ओळीत शब्द कसे बसवायचे आणि अक्षरांना कोणता आकार द्यायचा, हे ठरवणारा हा भाग आहे. इनडिझाइन नव्याने बसवले की बहुधा रोमन लिपीसाठीचा कंपोजर चालू असतो. त्यात ‘किल्ल्यांच्या’ हा शब्द टंकून पाहा: पहिली वेलांटी क-च्या आधी न येता नंतर पडते, आणि ‘ल्ल्या’ एकसंध न दिसता प्रत्येक ल-खाली पाय मोडल्याची खूण उघडी दिसते. एवढे पाहून ‘इनडिझाइनला मराठी येत नाही’ असे म्हणून परत पेजमेकरकडे गेलेले लोक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात पॅराग्राफ पॅलेटच्या कोपऱ्यातल्या मेनूतून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडला की तोच शब्द जागच्या जागी दुरुस्त होतो. प्रत्येक वेळी हे करावे लागू नये म्हणून स्क्रिप्ट्सच्या पॅलेटमध्ये ‘इंडिक प्रेफरन्सेस’ नावाची तयार स्क्रिप्ट दिलेली आहे. कोणतीही फाइल उघडी नसताना ती एकदा चालवावी, म्हणजे पुढच्या सगळ्या फायलींना ती मांडणी लागू होते.

यानंतरची काळजी मात्र आपली आपणच घ्यायची असते. दोन्ही बाजूंनी सारख्या केलेल्या ओळींत रिकामी जागा वाटताना सॉफ्टवेअर अक्षरांमधले अंतरही वाढवू शकते. रोमन अक्षरांत ते खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्द फणीच्या दातांसारखा सुटा सुटा दिसू लागतो. म्हणून ‘जस्टिफिकेशन’च्या चौकटीत अक्षरांतर तिन्ही रकान्यांत शून्यच ठेवावे, शब्दांतराला मोकळीक द्यावी आणि अक्षरांची रुंदी फार तर ९८ ते १०२ टक्क्यांच्या आत हलू द्यावी. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ ठेवली की ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियमही मिळतात, पण अरुंद रकान्यात ते तपासूनच घ्यावेत. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नये. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे १२ पॉइंटच्या मजकुराला १७ किंवा १८ पॉइंट लागतातच.

आणखी एक सोय आपल्या अहवालांच्या कामात फार उपयोगी पडेल. २००८च्या सीएस४ पासून परिच्छेदाच्या शैलीतच ‘ग्रेप स्टाइल’ जोडता येते. मजकुरात रोमन अक्षर आले की त्याला आपोआप ठरावीक रोमन फाँट आणि अर्धा पॉइंट लहान आकार मिळावा, असा नियम एकदा लिहून ठेवला की ऑपरेटरला प्रत्येक इंग्रजी शब्द हाताने निवडत बसावे लागत नाही.

चित्र वाढवण्याची सोय, म्हणजे ‘जनरेटिव्ह एक्स्पांड’, २०२५च्या आवृत्तीत इनडिझाइनच्या आतच आली आहे. मुखपृष्ठाचा फोटो कडेच्या छाटणीसाठी तीन मिलिमीटर कमी पडतो तेव्हा तिचा उपयोग होतो. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात जुन्या घाटाचे किंवा वाड्याचे छायाचित्र असेल तर मात्र ती अजिबात वापरू नये, कारण तिथे यंत्राने भरलेली भिंत ही खोटी नोंद ठरते.

मुद्रितशोधक_पंचवटी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण माझी चिंता जुन्या मजकुराच्या रूपांतराची आहे, कारण त्यातल्या चुका शेवटी आमच्या टेबलावर येतात.

श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत अक्षर साठवलेले नसते, अक्षराच्या तुकड्यांचे क्रमांक साठवलेले असतात. त्यामुळे कोणतेही रूपांतर म्हणजे तुकडे जुळवून अक्षर ओळखणे होय, आणि मराठीत ते ठरावीक ठिकाणी फसते. सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ होऊन येतो आणि ‘आचाऱ्यास’ हा ‘आचार्यास’ होऊन येतो. दोन्ही रूपे शब्द म्हणून बरोबर असल्यामुळे शब्दतपासनीस त्यांना पकडत नाही. वाक्याचा अर्थ लावत वाचणारा माणूसच ते पकडतो. शिवाय हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा नुक्त्याच्या ऱ-चा पाय मोडून, आणि एकदा साध्या र-चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ई-पुस्तकात शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. पुस्तकभर एकच पद्धत ठेवावी.

तसेच ‘ॲ’चे आहे. कुठे तो एकसंध असतो, कुठे अ-वर चंद्र देऊन केलेला असतो, तर कुठे हिंदीतला ‘ऍ’ शिरलेला असतो. अहवालांत ‘ॲक्सिस’, ‘ॲड.’, ‘ॲप’ असे शब्द पुष्कळ येतात, म्हणून शोधून-बदलण्याच्या आज्ञेने ते आधीच एकसारखे करून घ्यावेत आणि मगच प्रूफ काढावे.

तिसरी गोष्ट इंग्रजी शब्दांची. रूपांतराला सबंध मजकूर सरसकट दिला, तर मधला इंग्रजी पत्ता किंवा ईमेलसुद्धा देवनागरी समजून बदलला जातो आणि तिथे निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून मजकूर पेजमेकरमधून आरटीएफ स्वरूपात बाहेर काढावा, म्हणजे फाँटची माहिती टिकते, आणि फक्त मराठी फाँटमधल्या भागाचेच रूपांतर करणारे साधन वापरावे.

सगळ्या जुन्या फायली एकदम बदलण्याच्या मोहात पडू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार आहे तेच पुस्तक बदलावे आणि त्याचे प्रूफ मूळ छापील प्रतीशी ताडून वाचावे.

सातपूर_ऑफसेट

छपाईच्या बाजूने थोडक्यात लिहितो. आम्हाला मूळ फाइल कशात केली आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. फाँट आत बसवलेली, छाटणीची जागा सोडलेली आणि काळा मजकूर केवळ काळ्या शाईत असलेली पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) मिळाली की प्लेट निघते. मजकुराचे ‘कर्व्ह’ करून (अक्षरांचे नुसत्या रेषाकृतींत रूपांतर करून) पाठवण्याची जुनी सवय मात्र आता सोडावी. त्यामुळे शेवटच्या क्षणी एक वेलांटी बदलायची असली तरी फाइल पुन्हा आपल्याकडे परत पाठवावी लागते, आणि बारीक टाइप छापताना किंचित जाड दिसतो.

स्क्रायबसबद्दल: १.४ आवृत्तीपर्यंत त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट येत नसत, आणि त्याची वाईट ख्याती तेव्हाचीच आहे. १.५च्या मालिकेत हार्फबझ हे अक्षरघडणीचे इंजिन जोडले गेले, आणि १.६.० ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस यांच्यात मराठी नीट दिसते ती याच इंजिनामुळे. आमच्याकडे स्क्रायबसमध्ये केलेल्या पुस्तिकांच्या पीडीएफ आल्या आहेत आणि त्या व्यवस्थित छापल्या गेल्या. मात्र तळटीपा आणि लांबलचक तक्ते असलेले पुस्तक मी त्यावर करायला सुचवणार नाही. ॲफिनिटी पब्लिशर या आणखी एका मांडणी-सॉफ्टवेअरची शिफारस कोणी केली, तर दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यात देवनागरी जुळत नव्हती हे लक्षात घ्यावे आणि आधी चार ओळी टंकून पाहाव्यात.

अक्षरजुळणी_अशोकस्तंभ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंपोजरची गोष्ट मला खरोखर ठाऊक नव्हती. आज एका परिचितांच्या संगणकावर ‘किल्ल्यांच्या’ टंकून पाहिले आणि मेनू बदलताच अक्षरे जुळलेली दिसली. आता दोनच शंका उरल्या आहेत. श्रीलिपीतल्या वळणांची आमच्या लेखकांना सवय आहे, तेव्हा पुस्तकाच्या मजकुरासाठी युनिकोडमधले कोणते फाँट घ्यावेत? आणि इनडिझाइनची वर्गणी परवडली नाही, तर पेजमेकरच्या फायली निदान उघडून पाहण्यासाठी दुसरा मार्ग आहे का?

मांडणी_गंगापूररोड

फाँटबद्दल आधी सांगतो. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांबरोबर युनिकोड फाँटही मिळतात, त्यामुळे वळण सोडायलाच हवे असे नाही. आपल्याकडची आवृत्ती कोणती आहे ते पाहावे. मोफत फाँटांपैकी राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे सलग गद्यासाठी मला विश्वासाचे वाटतात. संस्कृत अवतरणे असतील तर ‘शोभिका’त अवघड जोडाक्षरेही मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हाही पाहावा, कारण हिंदी आणि मराठीसाठी त्याच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत आणि ल, श यांची मराठी वळणे त्यात मुळातच आहेत. बाकीच्या फाँटांत ही वळणे असली, तरी परिच्छेदाची भाषा मराठी ठेवल्याशिवाय ती बहुधा प्रकट होत नाहीत. अहवाल आणि तक्त्यांसाठी ‘मुक्त’ स्वच्छ दिसतो. कवितासंग्रहासाठी मात्र एकच कविता तीन फाँटांत, खऱ्या आकारात, ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर काढून कवीला दाखवावी. पडद्यावर निर्णय घेऊ नये.

जुन्या फायलींबाबत: पेजमेकर ६ आणि त्यापुढच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या थेट उघडत असत, त्यामुळे कोणाकडे ती जुनी परवानाधारक प्रत असेल तर तिथे सगळ्या फायली एकदा उघडून आयडीएमएल (इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांतही उघडणाऱ्या) स्वरूपात साठवून घ्याव्यात. ती सोय नसल्यास लिबरऑफिस या मोफत संचातल्या ‘ड्रॉ’मध्ये पेजमेकरच्या फायली उघडता येतात, ४.४ आवृत्तीपासून हा मार्ग आहे. पानाची रचना पूर्ण शाबूत राहील अशी अपेक्षा धरू नये, पण मजकूर आणि चित्रांच्या जागा कळतात. मूळ श्रीलिपी फाँट त्या संगणकावर असणे आवश्यक आहे, नाही तर पडद्यावर केवळ रोमन अक्षरांची रास दिसेल.

आणि पेजमेकर चालणारा संगणक आहे तोवर प्रत्येक जुन्या पुस्तकाची पीडीएफ आणि आरटीएफ काढून फायलीशेजारीच ठेवावी. हे काम सिंहस्थाची गर्दी सुरू होण्यापूर्वी, दिवाळी अंक छपाईला गेल्यानंतरच्या मोकळ्या आठवड्यांत उरकता येईल.