मदत हवी आहे : क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) चाकं टेकल्यावर विमान भरकटतं

नमस्कार. मी इंदूरला विमान चालवायला शिकते आहे, सेसना १७२ वर. सोलो (एकटीनं पहिलं उड्डाण) होऊन महिना झाला. परवा जे झालं ते घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी एकटी सर्किट (उड्डाण, फेरी आणि पुन्हा उतरणं) करत होते, धावपट्टी २५, म्हणजे दिशा २५० अंश. टॉवरनं वारा सांगितला : २०० अंशांकडून, १२ नॉट (ताशी साधारण २२ किमी). म्हणजे डावीकडून ५० अंशांनी. आडवा हिस्सा साधारण ९ नॉट. १७२ च्या पुस्तकात १५ नॉटच्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवल्याची नोंद आहे, म्हणून मला काळजी वाटली नाही. पण आपल्या माळव्यातला उन्हाळी वारा एकसारखा कुठे वाहतो? मध्येच धपका देतो.

डावा पंख खाली, उजवा रडर (नाक वळवणारं पायातलं पेडल), नाक सेंटरलाइनवर. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं. अगदी हवं तसं. आणि तिथेच मी हात सैल सोडला. योक (हातातलं स्टिअरिंग) मधोमध आला, नोजव्हील (नाकाखालचं चाक) धप्पकन खाली पडलं आणि विमानानं उजवीकडे उसळी घेतली. घाबरून डावं पेडल दाबलं, तर ते डावीकडे असं वळलं की डावा पंख उचलला गेला आणि समोर धावपट्टीऐवजी पिवळं गवत दिसायला लागलं. कडेचा दिवा नाकाखाली येतोय हे स्पष्ट दिसत होतं. मग उजवा पाय, थोडा ब्रेक, आणि कसंबसं थांबलं. विमानाला काही झालं नाही. टॉवरनं विचारलं तेव्हा आवाज फुटत नव्हता.

इन्स्ट्रक्टर म्हणाले, “पाय जिवंत ठेव.” मान्य, पण म्हणजे नेमकं काय करू? मागची चाकं टेकल्यापासून नोजव्हील टेकेपर्यंत त्या उजव्या रडरचं काय करायचं? सोडला तर नाक वाऱ्याकडे वळतं, धरून ठेवला तर परवासारखं होतं. लहानपणी बिजासनच्या टेकडीवरून विमानं उतरताना तासन् तास पाहिली आहेत. हे सोडायचं नाहीये मला. कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

मी बडोद्याला असतो, बरीच वर्षं शिकवलं आहे. तू नीट लिहिलंस म्हणून चूक दिसते. १७२ चं नोजव्हील पेडलला जोडलेलं असतं, दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. हवेत नाकाचा स्ट्रट (चाकाचा दांडा) पूर्ण लांबला की ते सरळ राहतं. जमिनीवर वजन आलं की पेडल जिकडे, तिकडे चाक. तुझं पेडल उजवीकडे दाबलेलं होतं, म्हणून उसळी उजवीकडे. नंतर डावं पेडल आणि डावीकडचा वारा, दोघांनी मिळून तुला फिरवलं.

म्हणून मागची चाकं टेकली की योक मागेच धर, नाक आपटू देऊ नकोस. ते हळूहळू खाली येतंय तसतसा पाय मधोमध आणत जा. टेकताक्षणी चाक सरळ हवं. योक मात्र डावीकडेच, आणि वेग उतरेल तसा आणखी डावीकडे, शेवटी पूर्ण. कारण वेग कमी झाला की एलेरॉनची (पंखांवरच्या, योकनं हलणाऱ्या पट्ट्यांची) ताकद कमी होते, वारा तेवढाच राहतो. तू नेमका तेव्हाच तो मधोमध आणलास. पंख उचलला गेला तो त्यामुळे. योक पुढेही ढकलू नकोस, सगळं वजन नाकावर येतं आणि विमान एकचाकी ढकलगाडीसारखं फिरतं.

टाचा जमिनीवर ठेव, नाहीतर घाबरल्यावर नकळत ब्रेक दाबला जातो. आणि फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) पूर्ण रडर देऊनही नाक रेषेत राहत नसेल, तर पॉवर दे आणि पुन्हा वर जा.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. टाचा वर होत्या, आत्ता आठवलं. उद्या इन्स्ट्रक्टरना सांगून असाच वारा असताना ड्युअल (त्यांच्यासोबतचं उड्डाण) मागते आहे. आईला आज रात्री सांगते.