हायडनची 'सकाळ' सिंफनी: जुन्या स्कोअरचं पुनर्मुद्रण घ्यावं का?

मध्यलय: संगीतकार हायडनच्या सहाव्या सिंफनीने ('ल मातँ', १७६१) सध्या वेड लावलंय. आता स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली प्रत) समोर ठेवून ऐकायची आहे. मी हार्मोनियम वाजवते, भातखंडे लिपी सरावाची, पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन अडखळत वाचते. १९०७च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण स्वस्तात दिसतंय, नवी आवृत्ती फारच महाग. काय करू?

जुनीपानं: नुसतं ऐकायचंय तर पैसे कशाला घालवता? ती ब्राइटकॉफ उंट हेर्टेल या जर्मन प्रकाशकाची, मांडिचेव्स्कीने संपादित केलेली प्रत. प्रताधिकार कधीच संपलाय. आयएमएसएलपी या जुन्या स्कोअरच्या संकेतस्थळावर स्कॅन फुकट मिळतं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल मारून घ्या. आज आपण म्हणतो ते १ ते १०४ क्रमांकही याच गृहस्थाने लावलेले.

गजकाठी: स्कॅनला माझंही मत. तरी विकतच घ्यायचं असेल तर आधी आतल्या पानांचे फोटो मागवा. मी मागवलेल्या एका पुनर्मुद्रणात पान इतकं खाली सरकलं होतं की बेसची ओळ अर्धी कापलेली. आणि 'फुल स्कोअर' लिहिलंय ना, ते बघा. त्या काळी सिंफन्या बहुतेक वाद्यवार सुट्या पानांवरच फिरायच्या, आजही तसे संच विकतात. नाहीतर हाती नुसतं दुसरं व्हायोलिन यायचं! वाजवायचं असेल तर मात्र जुन्यावर विसंबू नका. कोलोनच्या हायडन संस्थेने मूळ प्रती ताडून केलेली हेन्ले प्रकाशनाची आवृत्ती बघा.

मध्यलय: वाजवायचं नाही हो. पण इतक्या ओळींतून नजर कुठे ठेवायची?

गजकाठी: सुरुवातीचा अडाजिओ, म्हणजे संथ तुकडा, हा सूर्योदय. तिथे खालपासून वरपर्यंत अख्खं पान बघा, एकेक वाद्य कसं भरत जातं ते दिसेल. अलेग्रो, म्हणजे द्रुत भाग, लागला की बासरीची ओळ धरा. मग गंमत: मुखडा परत यायच्या दोन मात्रा-गट आधीच हॉर्न तो वाजवून टाकतो, जणू घाई झालीय. कानाला निसटतं, कागदावर लगेच सापडतं. पुढच्या, दुसऱ्या संथ भागात फुंकवाद्यं गप्प, ओळी कमी. सराव तिथेच करा.

हॉर्न 'डी'मधले आहेत. म्हणजे कागदावर पांढरी एक असेल तर ऐकू येते पांढरी दोन, तीही खालच्या सप्तकातली. व्हायोलाची किल्ली (कोणती रेघ कुठला स्वर ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण) वेगळी, तिची मधली रेघ म्हणजे मधली पांढरी एक.

जुनीपानं: मिन्युएट या नृत्याच्या चालीच्या भागातला मधला तुकडा, ट्रिओ, सोडू नका. बसून आणि डबल बेस चक्क एकल वाजवतात.

मध्यलय: पांढरी एक-दोन म्हटल्यावर कळलं बघा! स्कॅन उतरवलंय. हायडनच्या पुढच्या दोन सिंफन्या, 'दुपार' आणि 'संध्याकाळ'ही त्याच खंडात दिसतायत.

गजकाठी: असणारच, सहा-सात-आठ सलग. पण 'संध्याकाळ'मधल्या वादळाचा वेग जास्त आहे, ते शेवटी घ्या.