प्रश्न जनुकांचा कमी, सांगणाऱ्याचा जास्त

युरोपातले लोक विज्ञानाला घाबरतात आणि अमेरिकन बिनधास्त जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांचं अन्न खातात, असं लोक म्हणतात ते मला अर्धंच पटतं. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये जीएम टोमॅटोची प्युरी विकायला आली, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, साध्या प्युरीपेक्षा स्वस्त पडायची आणि लोकांनी आरामात घेतली की! पण नेमकं त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारने मान्य केलं की मॅड काऊ या गाईंच्या मेंदूच्या रोगाचा माणसांच्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता आहे. आणि आधीची कित्येक वर्षं हेच सरकार बीफ सेफ आहे म्हणून सांगत होतं, १९९० मध्ये तर कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या चिमुरडीपुढे बर्गर धरला होता, बघा आम्ही पण खातो. एवढं झाल्यावर तज्ज्ञ सुरक्षित म्हणतात यावर कोण भरवसा ठेवणार? १९९९ पर्यंत ती प्युरी दुकानांतून गायब.

फ्रान्स इटलीत तर चीज, वाईन कुठल्या गावची यावर कायदे आहेत, तिथे लॅबमधलं बियाणं म्हटलं की नाक मुरडणारच. अमेरिकेत मॅड काऊचं प्रकरण तेवढं अंगाला लागलं नाही, जीएमचं लेबल देशभर सक्तीचं व्हायला २०२२ उजाडलं.

बाकी सोयीस्कर विसर दोन्हीकडे आहे हां. गोल्डन प्रॉमिस नावाचं बार्लीचं वाण गॅमा किरण मारून, म्हणजे जनुकांतच बदल घडवून तयार केलेलं, त्याची व्हिस्की सगळे मिटक्या मारत पितात, त्यावर कसलंही लेबल नाही. जीएम जिवाणूंपासून बनणारं इन्सुलिन १९८२ पासून आहे, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.