मदत हवी आहे: त्रास काहीच नाही, तरी औषध वाढवायचं?

रानजाई: दादाची परवा कोलोनोस्कोपी झाली. रिपोर्टात ‘आय-२’. डॉक्टर म्हणतात, औषध वाढवू. पण त्याला ना पोटदुखी ना जुलाब, वजनही वाढलंय! सोमवारी कळवायचंय. प्लीज लवकर सांगा.

सह्यमित्र: आय-२ कशाचं? आतड्याला सूज आणि व्रण आणणारा कोलायटिस की क्रोन्स? ऑपरेशन झालंय का? सध्या काय चालू आहे?

बेलपत्र: बेलाचा मुरंबा आणि ताजं ताक सुरू करा. माझ्या मेहुण्याचा कोलायटिस त्यानेच आटोक्यात आला.

रानजाई: क्रोन्स. जानेवारीत लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला. अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे.

सह्यमित्र: मग हा रुटगर्ट्स स्कोअर, म्हणजे ऑपरेशननंतर आतड्यात दुखणं किती परतलंय त्याचं माप: आय-० (काहीच नाही) ते आय-४ (सर्वांत जास्त). बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर व्रण आधी उमटतात, त्रास मागाहून येतो. आय-०, आय-१ असेल तर बहुतेकांची पुढची काही वर्षं निवांत जातात. आय-३, आय-४ ला दुखणं लवकर उलटतं. त्यामुळे आज बरं वाटतंय यावर विसंबू नका.

कोकणकडा: आय-२ वर लगेच बायोलॉजिक (सूज रोखणारी महागडी औषधं)? खर्च बघा! व्रण फक्त जोडावर, म्हणजे आतडं शिवलंय तिथे, असतील तर ते शिवणीमुळेही असू शकतात.

सह्यमित्र: म्हणूनच आय-२ए आणि आय-२बी वेगळे धरतात. फक्त जोडावरचे ते २ए; जोडाच्या वरच्या आतड्यात पाचाहून जास्त छोटे व्रण असतील तर ते २बी. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा २०१५चा अभ्यास आहे: सहा महिन्यांनी आतून बघून, आय-२ किंवा वर असेल त्यांचं औषध वाढवलं. दीड वर्षाने त्या गटात ४९ टक्क्यांना पुन्हा व्रण होते, न बघितलेल्यांत ६७.

कोकणकडा: म्हणजे बघूनही निम्म्यांना झालेच की.

पेशंटचा_बाबा: पोट साफ करायचं पावडरचं पाणी गार करून, लिंबू पिळून प्या. उलटी होत नाही.

रानजाई: कोलोनोस्कोपी झालीये हो! रिपोर्टात ए-बी काहीच नाही. चार फोटो आहेत, दोन नुसते काळपट.

सह्यमित्र: ताई, सोमवारी तेच विचारा: व्रण जोडावर की त्याच्या वरच्या आतड्यात? शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारी तपासणी) करू का? बायोलॉजिक ठरलंच तर आधी टीबीची तपासणी होईलच. आणि दादा सिगारेट ओढतो का?

रानजाई: ओढतो. त्याचा काय संबंध?

सह्यमित्र: फार मोठा. क्रोन्स परत उलटण्याची शक्यता त्याने बरीच वाढते. औषध वाढो न वाढो, ती आजच बंद करायला लावा.