हरिपूरची पेवे आणि आजोबांचा कंदील

हळद शिजवताना कायलीभोवती दरवळणाऱ्या वासाची आठवण आपण लिहिलीत. त्या हळदीचा पुढचा मुक्काम मी पाहिलेला असल्याने थोडी भर घालतो. माझे आजोबा सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, पेवांवर हमाली करीत. जमिनीत वीसेक फूट खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस अशा पेवात हळद उतरवून तोंड मातीने लिंपले की ती किडीवाचून कितीतरी दिवस टिकत असे, कारण आत किड्याला जगण्यापुरता प्राणवायूच उरत नसे.

अर्थात माणसालाही तो उरत नसे. पेव उघडल्यावर आजोबा काही तास कोणालाही जवळ फिरकू देत नसत. मग दोरीला बांधलेला पेटता कंदील हळूहळू खाली सोडत, आणि ज्योत मंदावलेली दिसली की तो वर ओढून निवांतपणे चंची उघडून बसत. व्यापाऱ्याच्या माणसाने कितीही घाई केली, तरी ‘कंदील टिकंल तवा मी उतरंन’ एवढेच त्यांचे उत्तर असे. संध्याकाळी घरी येत तेव्हा धोतर पिवळे आणि पापण्याही पिवळ्या. आजी पाणी काढताना ‘आलं नवरदेव’ म्हणे.

२००५ च्या महापुरात पाणी शिरून हरिपूरची बरीच पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आजोबा नव्हते. कंदील मात्र माळ्यावर आहे, आणि त्याच्या काचेच्या कडेला अजून पिवळी रेघ दिसते.