राणी रंगाची तरंगलांबी किती?

"प्रत्येक रंगाला स्वतःची तरंगलांबी (प्रकाशलहरीच्या लगतच्या दोन शिखरांमधलं अंतर) असते" असं बरेचदा म्हटलं जातं. इंद्रधनुष्यापुरतं ते खरं आहे, पण दिसणाऱ्या प्रत्येक रंगाला ते लावलं की गडबडतं. राणी रंगाचंच घ्या. साडीच्या दुकानात हा रंग हमखास असतो, वर्णपटात (इंद्रधनुष्यातल्या रंगांच्या पट्ट्यात) मात्र नसतो. लाल आणि निळा-जांभळा प्रकाश एकाच वेळी डोळ्यात शिरला आणि मधला हिरवा जवळजवळ नसला, की मेंदू जे दाखवतो ते म्हणजे राणी रंग. त्याला अशी एक तरंगलांबी नाहीच.

पिवळ्याची तर दोन सोंगं आहेत. बी.एस्सी.ला न्यूटन्स रिंग्ज हा प्रकाशाचा प्रयोग केलेल्यांना सोडियमचा दिवा आठवत असेल: ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा अस्सल पिवळा. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळा म्हणजे नुसते शेजारी-शेजारी पेटलेले लाल नि हिरवे ठिपके (चांगल्या जोरदार भिंगातून बघा, दिसतात). डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात, कारण रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. सीडी मात्र फसत नाही. तिच्यावरच्या बारीक रेघेच्या वळशांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, त्यामुळे विवर्तनाने (अशा बारीक रेघांवरून प्रकाश पसरण्याने) प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात वळते. खोलीत अंधार करा, मोबाइलच्या काळ्या पडद्यावर एक बारीक पिवळी रेघ काढा आणि तिचं प्रतिबिंब सीडीत तिरकं धरून बघा. लाल आणि हिरवं वेगळं झालेलं दिसेल. सोडियमच्या दिव्याचं तसं होत नाही, पिवळं ते पिवळंच राहतं. जुन्या सीड्या भंगारात दिल्या नसतील तर एक काढून ठेवा.